डावीकडे रांगणारा बाण

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर दोनदा बजावलं, "दुकानातल्या गमतीजमती लिहा, सणाचा अंक आहे." मी बरं म्हणालो आणि चार दिवस कोरा कागद पुढे घेऊन बसलो. गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला घेतलं की एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहते. एका बाईनं माझ्याकडे एक 'नाही' ठेवायला दिला होता. वेळ आली की तो तिच्या घरच्यांना सांगायचा, एवढंच काम होतं. ते माझ्या हातून झालं नाही. तेव्हा एक-दोन गमती सांगतो आणि मग तेच सांगतो. संपादकांना छापायचं तर छापू देत.

बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या बोळात माझं दुकान होतं. त्याआधी बारा वर्षं मी वडगावात पॉवरलूमच्या मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करायचो. लूमच्या खोलीत बोललेलं ऐकू येत नाही. तिथं मिस्त्री मशीनवर तळहात ठेवतो आणि धक्क्यावरून बिघाड ओळखतो. ती सवय पुढे टीव्ही आले, कॉम्प्युटर आले, तरी गेली नाही. शेवटची काही वर्षं माझ्याकडे जास्त करून गेमचे कंट्रोलरच यायचे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टीव्हीला जोडायचा गेमचा डबा मिळतो, त्याच्याबरोबर दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर येतो. वर दोन काड्या, अंगठ्यानं फिरवायच्या. खाली बोटांशी दोन चाप. नव्या कंट्रोलरमध्ये चापाच्या मागं बारकी मोटार असते. गेममध्ये धनुष्य ताणलं की चाप बोटाला उलटा ढकलतो. वाळूत चाललं तर तळहाताला वाळू कळते, दगडावर चाललं तर दगड. कंट्रोलर तिरका केला तर तेही त्याला समजतं, आणि मधली गुळगुळीत पट्टी नुसतं बोट टेकलं तरी ओळखते. मी पहिल्यांदा हातात धरला तेव्हा मला वडगावची लूमच आठवली. एवढ्याशा वस्तूत कुणीतरी तळहाताची भाषा बसवली होती, आणि ती मला आधीपासून येत होती. लई अभिमान वाटला, का ते विचारू नका.

भानगड अशी, की डब्याला हे सगळं कळतं, कॉम्प्युटरला कळत नाही. तो म्हणतो, आला एक साधा कंट्रोलर, चार बटणांचा. मग मधे दुभाष्यासारखा एक प्रोग्रॅम बसवावा लागतो. शिवाय वायर लावावी लागते. बिनवायरचा जोडला की बारीक कंप आणि चापाचा जोर बहुतेक वेळा गायब. निपाणीचे तंबाखूचे एक व्यापारी होते, साठीचे. कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचे आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तीनदा आले. "ब्रेक बोटाला लागत न्हाय हो, मालच खोटा दिलाय मला." तिसऱ्यांदा मी त्यांची पिशवी बघितली तर वायर आतच होती, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. काखेत कळसा. वायर लावली, त्यांनी चाप दाबला आणि बोट मागं सरल्यावर लहान लेकरागत हसले. मग परत चिडले, "वायरच लावायची तर बिनवायरचा म्हणून कशाला विकत्यात?"

दुकानाची एक पद्धत सांगून ठेवतो. वस्तू आली की तिला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची आणि तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायची. 'ब्रेक बोटाला लागत नाही' म्हणाले तर तसंच. मिस्त्रीनं स्वतःची अक्कल त्यात घालायची नाही. काम झालं की खाली सही घ्यायची.

सदलग्याचे अजित पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात पुतण्याचा कंट्रोलर होता. जैन घर, थोडी शेती आणि खतांचं दुकान. चाळिशीचा माणूस, पण बसल्या बसल्या खांदे पडलेले. म्हणाले, "अण्णा, ह्याच्यावर कॉम्प्युटर चालवता ईल काय? माउस धरवत न्हाय तिला."

ती म्हणजे त्यांची बायको, पद्मा. हायस्कूलात गणित शिकवायची. सगळे तिला बाईच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. नसांचा आजार होता. आधी खडू पडायला लागला, मग जिभेवरचे शब्द गेले. डोक्यात सगळं शाबूत, आणि बाहेर यायला वाट नाही. डोळ्यांवर चालणारं यंत्र त्यांनी आणून बघितलं होतं, पण पापण्याच फार वेळ उघड्या राहत नव्हत्या, मग ते यंत्र काय करणार?

मी चिकोडीवरून एसटीनं सदलग्याला गेलो. बाईंचं मनगट तेव्हा थोडं हलत होतं. कंट्रोलर पट्ट्यानं हाताला बांधला, तिरका होईल तसा पडद्यावरचा बाण सरकेल असं बसवलं, आणि मधल्या पट्टीवर बोट टेकलं की अक्षर उमटेल असं केलं. चापाचा जोर पार काढून टाकला. एक अक्षर उमटलं की तळहाताला बारीक टिचकी बसायची, म्हणजे डोळे मिटलेले असले तरी कळावं. बाईंनी पहिलं वाक्य लिहायला पाऊण तास लावला. अजितच्या आईला, म्हणजे आक्कांना, लिहिलं होतं: 'भाजीत मीठ जास्त असतं, चार महिने सांगायचं होतं.'

आक्का पदर तोंडाला लावून रडल्या आणि हसल्याही. "बघा की अण्णा, तोंड उघडलं ते न्हायच म्हनायला उघडलं!" बाई होत्याच तशा. चुकलं की लगेच सांगणार. माझं प्रोग्रॅममधलं एक गणितसुद्धा त्यांनी दुरुस्त केलं.

मग मी दर महिन्याला जायला लागलो, कारण दर महिन्याला हात कमी व्हायचा. मनगट गेलं तेव्हा काडीवर अंगठा ठेवला. काडीचं एक तंत्र असतं. ती मधोमध कधीच पूर्ण स्थिर नसते, जराशी थरथरत असते. म्हणून मधे थोडी जागा सोडायची, तेवढ्यात काडी हलली तरी कॉम्प्युटरनं लक्ष द्यायचं नाही. इंग्रजीत त्या जागेला मेलेली जागा म्हणतात. त्या घरात मला तो शब्द तोंडातून काढवेना, मी तिला विसावा म्हणायचो. अंगठ्याचा जोर कमी झाला की विसावा कमी करायचा, मग कमी जोरातही बाण हलतो. पहिल्यांदा पंधरा होता, मग बारा, मग आठ. अजित विचारायचे, "काय झालतं अण्णा?" मी म्हणायचो, "काही न्हाय, मशीन जरा जड झालतं. केलं हलकं." बाईंना ठाऊक होतं जड काय झालंय ते. त्या माझ्याकडे बघायच्या. वर्षभर मी त्या घरात मशीनला दोष देत गेलो आणि मला वाटायचं, मी चांगलं काम करतोय.

विसावा आठवर होता तेव्हाची गोष्ट. अजित दुकानात गेले होते, आक्का स्वयंपाकघरात. मी म्हणालो, "बाई, कायतरी लिहा, बघू चालतंय का." त्यांनी लिहायला सुरुवात केली. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण माणूस लिहीत असताना डोकावू नये. बराच वेळ गेला. टिचक्या थांबल्या तेव्हा बघितलं.

'श्वास अडेल तेव्हा गळ्यात नळी घालतील. मला ती नको. ह्यांना आत्ता सांगू नका, तुटतील. वेळ आली की सांगा.'

मी म्हणालो, "बाई, मी कोण हो? घरात सांगा की." त्यांनी आणखी लिहिलं: 'तुम्ही घरचे नाही म्हणून.' मग सगळं पुसलं.

मला दुसरं काही सुचलं नाही. खिशातून कोरी चिठ्ठी काढली आणि पहिली चारही वाक्यं त्यांच्याच शब्दांत लिहिली, दुकानात लिहितो तशी. त्यांच्या डोळ्यांपुढं धरली. त्यांनी अर्धी पापणी उघडून वाचली आणि लिहिलं, 'बरोबर.' ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवली.

पुढं अक्षरं लिहिणंही होईना. मग पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे मोठ्या अक्षरात 'व्हय', उजवीकडे 'न्हाय'. घरच्यांनी प्रश्न विचारायचा आणि कीबोर्डवरची लांब पट्टी दाबायची. पट्टी दाबली की मधोमध थांबलेला बाण सुटतो. बाईंनी अंगठ्यानं तो डावीकडे किंवा उजवीकडे न्यायचा. व्हयला हाताला एक धक्का, न्हायला दोन, म्हणजे आपलं उत्तर पोचलं की नाही हे त्यांना कळायचं. बाई जास्त करून न्हायच म्हणायच्या. चहा? न्हाय. पंखा लावू? न्हाय. पाहुणे आल्यात, आत आणू? न्हाय, न्हाय. अजित वैतागायचे आणि त्यातच खूश असायचे.

थंडी संपता संपता त्यांचा फोन आला. "अण्णा, चार दिस झालं, बाण जाग्यावरनं हालंना. मशीन जड झालंय बघा." माझंच वाक्य मला परत आलं.

गेलो. विसावा दोनवर होता. एक केला, काही नाही. बाईंचा अंगठा मी हातानं काडीवर नीट ठेवला, तो गार होता. अजित माझ्या मागं उभे होते. "अजून हलकं करा की अण्णा. करा की ओ." मी शून्य केला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे मला कळत होतं, तरी केला. अजितनी विचारलं, "पद्मा, ऐकू येतंय न्हवं?" आणि पट्टी दाबली. बाण थरथरला, हळूहळू डावीकडे गेला. व्हय. हाताला एक धक्का बसला.

अजित ओरडलेच, "हाललं!" आक्का देव्हाऱ्याकडे पळाल्या. मलाही खरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला खरं वाटून घ्यायचं होतं. मी चहा पिऊन आलो.

एसटीत बसल्यावर मात्र माझी बोटं काडी फिरवल्यागत हलायला लागली. जुनी काडी झिजली की एका बाजूला ओढते. विसावा काढला की बाण आपला आपण त्या बाजूला रांगायला लागतो. दिवसाला दोन तरी गिऱ्हाइकं ही तक्रार घेऊन यायची. 'माणूस हात लावत नाही तरी आपोआप चालतोय,' अशा चिठ्ठ्या मी स्वतः लिहिल्यात. तो कंट्रोलर पुतण्यानं दोन वर्षं बडवलेला होता. मी स्वतःला म्हटलं, पुढच्या वेळी बघू.

चौथ्या दिवशी अजितचा फोन. आवाज फुटत होता, पण आनंदानं. "अण्णा, श्वास लई अडाय लागला म्हनून डॉक्टर नळीचं बोलले. मी म्हनलं तिला विचारतो. तीनदा इचारलं, तिन्ही डाव व्हय म्हनली! तिला जगायचंय अण्णा! दुपारी बेळगावला हालिवतोय."

मी दुकान उघडंच टाकून स्टँडवर धावलो. पाकिटात चिठ्ठी होती. सदलग्यात पोचलो तर दारात ॲम्ब्युलन्स. अजित ड्रायव्हरशी बोलत होते. आक्कांनी मला आत नेलं. "चार दिसात एकदाबी न्हाय म्हनली न्हाय हो. काय इचारलं तरी व्हय. लई शांत झालीया बघा." त्या अभिमानानं सांगत होत्या. बाई आणि चार दिवस व्हय? त्या चार दिवसांत त्यांना काय काय विचारलं असेल, आणि आत त्यांनी काय म्हटलं असेल?

आक्का कपड्यांची पिशवी भरायला गेल्या. मी कंट्रोलर बाईंच्या हातातून काढला, टेबलावर ठेवला आणि स्वतःचे हात मागं घेतले. कीबोर्डवरची पट्टी दाबली. बाण थरथरला आणि डावीकडे रांगत गेला. व्हय. टेबल एकदा थरथरलं. परत दाबली. व्हय. बाईंचे डोळे मिटलेले होते. त्यांना ते टेबल ऐकू आलं असणार, कान शाबूत होते.

पाकीट काढायला खिशात हात घातला तेवढ्यात अजित आत आले. तोंडावर असं काही होतं, जे दोन वर्षांत मी बघितलं नव्हतं. दाढी केली होती. कंट्रोलर टेबलावर बघून क्षणभर थांबले. "मशीन बरोबर हाय न्हवं, अण्णा?"

"व्हय," मी म्हणालो.

वर्षभर मशीन चांगलं असताना मी मशीनला नावं ठेवली, आणि ज्या दिवशी खरंच दोष मशीनचा होता त्या दिवशी ते बरोबर आहे म्हणालो. मला कुणी धमकावलं नव्हतं. त्या दाढी केलेल्या तोंडावर ते सांगायचं धाडस झालं नाही, एवढंच. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

बाई सात महिने नळीवर होत्या. आधी दवाखान्यात, मग घरी. मी दोनदा गेलो. एकदा खोलीत आम्ही दोघंच होतो तेव्हा त्यांच्या तळहाताखाली माझा तळहात ठेवला. लूमवर ठेवायचो तसा. काहीतरी कळेल वाटलं, शिवी तरी. नळीच्या मशीनचा धक्का तेवढा येत होता, एकसारखा. "चुकलं बाई माझं," म्हणालो. ऐकलं असेल तर त्याचंही त्यांना काही करता येत नव्हतं. तिसऱ्यांदा माझा पाय वळला नाही. त्या गेल्या तेव्हा मी तापाचं निमित्त केलं. पुढं कंट्रोलर दुरुस्तीला आला की मी न उघडताच परत द्यायचो. दुकान बंद केलं, लोकांना सांगितलं डोळे गेले.

संपादकांचा फोन आल्यावर ठरवलं, छापायच्या आधी ज्याला सांगायचं त्याला सांगू. यंदा गणपती झाल्यावर सदलग्याला गेलो. अजितच एकटे होते, आक्का लेकीकडे. मला बघून खरंच आनंदले. "या की अण्णा. किती दिसानं आलासा."

खोली तशीच होती. खाट काढली होती, पण टेबलावर कॉम्प्युटर चालू, वायर लावलेली, कंट्रोलर ठेवलेला. पडद्यावर दोन शब्द आणि मधे बाण. मी बघतच राहिलो. अजित जरा लाजले. "सकाळी दुकानाला जाताना इचारतो, जाऊन येऊ काय. सवय झालीया." त्यांनी लांब पट्टी दाबली. बाण थरथरला आणि डावीकडे रांगला. टेबल एकदा थरथरलं.

ते पडद्याकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती गेल्यावर आठ दिसांनी सहज दाबलं हुतं. व्हय आलं. तवापासनं एक इचारायचं हुतं तुमास्नी. फोनवर इचारवंना." "तवाबी हेच म्हनत हुतं न्हवं, अण्णा?"

तेच 'न्हवं, अण्णा', तेच टेबल.

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, हिशेब जुळल्यावर माणूस हलवतो तशी. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. विचारलं, "मग तिचं म्हननं काय हुतं?"

मी पाकिटातून चिठ्ठी काढली. कडा काळ्या पडल्या होत्या, दोऱ्याचं भोक फाटलं होतं. त्यांनी ती खिडकीशी नेऊन वाचली. खाली गिऱ्हाइकाच्या सहीची रेघ कोरी होती. तिथंच पाठमोरे उभे राहिले. मी म्हणालो, "माझ्याकडं दिलं हुतं त्यांनी. मी सांगितलं न्हाय."

मग येऊन टेबलाशी बसले. चिठ्ठी कीबोर्डवर ठेवली, कंट्रोलर हातात घेतला आणि अंगठा काडीवर ठेवला, बाई ठेवायच्या तसाच, आडवा. दुसऱ्या हातानं पट्टी दाबली. बाण सवयीनं डावीकडे निघाला. त्यांनी काडी उजवीकडे रेटली. बाण थांबला, वळला आणि न्हायवर गेला. हाताला दोन धक्के बसलेले मला दिसले.

काडी सोडली असती तर बाण परत रांगत व्हयवर गेला असता. ते त्यांना ठाऊक होतं, मलाही. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. मी शेवटच्या एसटीसाठी उठलो, चप्पल घातली, येतो म्हणालो, तरी त्यांनी अंगठा काढला नव्हता.